चितारलेल्या पाखरांची साक्ष

मोबाइल वापरणाऱ्या बहुतेकांकडे हल्ली अधूनमधून एखाद्या अद्भुत पाखराचे चित्र येऊन पोहोचते. अंग मोरपंखी, गळा किरमिजी, डोक्यावर फुलाच्या पाकळ्यांचा तुरा, आणि खाली मजकूर असा की हा पक्षी ॲमेझॉनच्या किंवा न्यू गिनीच्या निबिड अरण्यात क्वचितच कोणाच्या दृष्टीस पडतो. पाहणारा विस्मित होतो, सृष्टिकर्त्याला हात जोडतो आणि ते चित्र आणखी दहा जणांना धाडतो. वास्तविक असा पक्षी पृथ्वीच्या पाठीवर कोठेही नसतो. तो संगणकाने रचलेला आभास असतो. या चित्रांच्या भडकपणाबद्दल माझी तक्रार नाही, कारण उष्ण कटिबंधातली खरी पाखरे त्यांच्याहूनही भडक असू शकतात. माझी तक्रार अशी की ते पाखरू कोणीही पाहिलेले नसते आणि त्या चित्राचा जामीन राहायला कोणीही पुढे येत नाही. चित्र धाडण्यापूर्वी ते कोणी काढले आणि पाखरू कोणी पाहिले, एवढे दोन प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारले तरी हा प्रकार बऱ्याच अंशी थांबेल.

दूरदेशीच्या पाखरांची चित्रे काढण्याची जी परंपरा गेली चारशेहून अधिक वर्षे चालत आलेली आहे, तिचे सारे मोल याच दोन प्रश्नांच्या उत्तरांत साठवलेले आहे. जो प्राणी वाचकाने आयुष्यात कधी पाहिला नाही व पाहण्याचा संभवही नाही, त्याच्याविषयी एक माणूस कागद, कुंचला आणि रंग एवढ्या साधनांनिशी शपथपूर्वक जबानी देतो, आणि ती जबानी खरी की खोटी यावर पुढच्या पिढ्यांचे ज्ञान अवलंबून राहते, असा हा व्यवहार आहे. म्हणून या चित्रांना शोभेच्या वस्तू न समजता दस्तऐवज समजावे आणि दस्तऐवजाला लावतो तीच कसोटी त्यांना लावावी, असे माझे मत आहे.

हा विचार आपल्याकडे परका नाही. १६१२ साली बादशहा जहांगीराचा विश्वासू सरदार मुकर्रबखान गोव्याच्या बंदरातून दुर्मीळ वस्तू खरेदी करून दरबारात हजर झाला, तेव्हा त्याने आणलेल्या जिनसांत एक टर्की कोंबडाही होता. अमेरिका खंडातले हे पाखरू पोर्तुगीज गलबतांतून गोव्याला उतरले असावे. जहांगीराने आपल्या आत्मवृत्तात त्याचे वर्णन मोठ्या बारकाईने लिहून ठेवले आहे. त्याच्या डोक्यामानेवरची कातडी घटकेत लाल, घटकेत पांढरी, घटकेत निळसर कशी होते हे त्याने टिपले, आणि तेवढ्यावर न थांबता चित्रकारांना त्याचे चित्र काढण्याचा हुकूम दिला. त्यामागची त्याची कारणमीमांसा विलक्षण आधुनिक वाटते. आपला पणजोबा बाबर याने पशुपक्ष्यांची वर्णने लिहिली खरी, पण चित्रे काढवून घेतली नाहीत, ही उणीव त्याच्या ध्यानी आली होती. ऐकणाऱ्याला पाहण्याचीही जोड मिळावी, अशी त्याची इच्छा होती. उस्ताद मन्सूर याच्या हातचे मानले जाणारे त्या टर्कीचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. ज्या चित्रकाराला बादशहाने ‘नादिर-उल्-अस्र’ हा किताब दिला, त्याची निवड या कामासाठी व्हावी, यावरून पाखराच्या चित्राला त्या दरबारात किती मान होता ते कळते.

याच मन्सूरच्या नावावर असलेले दुसरे एक चित्र मात्र या सर्वांहून मोलाचे ठरले. मॉरिशस बेटावर राहणारा, उडता न येणारा डोडो सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात पृथ्वीवरून नाहीसा झाला. १६६२नंतर त्याला कोणी खात्रीने पाहिल्याचे दिसत नाही. पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशाने १६२८ ते १६३४च्या दरम्यान सुरतेत दोन डोडो पाहिल्याचे नमूद करून ठेवले आहे, त्यावरून हे पक्षी जिवंतपणी हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागले होते याबद्दल संशय राहत नाही. रशियात सेंट पीटर्सबर्ग येथे असलेल्या, सुमारे १६२५च्या मोगल शैलीतल्या एका चित्रात मधोमध तपकिरी रंगाचा डोडो उभा आहे, आणि त्याच्या भोवती चार पक्षी आहेत: फांदीला उलटा लटकणारा मलाया मुलखातला इवला पोपट, हिमालयातला ट्रॅगोपान, पाणथळीचा पट्टकादंब हंस आणि माळरानावरची रंगीत पखुर्डी. या मांडणीकडे एखाद्या न्यायाधीशाने पाहावे तसे पाहिले पाहिजे. भोवतालचे चारही पक्षी आजही अस्तित्वात आहेत, त्यामुळे त्यांची चित्रे खऱ्या पक्ष्यांशी ताडून पाहता येतात. आणि ती ताडून पाहिली असता चित्रकाराने पिसांच्या रंगात, चोचीच्या वळणात, पायांच्या ठेवणीत फारशी लबाडी केलेली नाही असे दिसते. ज्याच्या चार जबान्या खऱ्या ठरल्या त्याच्या पाचव्या जबानीवर विश्वास ठेवायला आधार मिळतो. युरोपात रूलांट साव्हेरी या फ्लेमिश चित्रकाराने काढलेला लठ्ठ, बेढब डोडो इतका लोकप्रिय झाला की आजही पाठ्यपुस्तकांतला डोडो बहुधा त्याच्याच घडणीचा असतो. अभ्यासकांचा कल मात्र आता मोगल चित्रातल्या सडसडीत डोडोकडे झुकला आहे. जो प्राणी परत कधीही दिसणार नाही, त्याच्या खऱ्या देहयष्टीचा निकाल अशा रीतीने हिंदुस्थानातल्या एका कारखान्यातल्या कुंचल्याने लावावा, ही गोष्ट आपल्याकडच्या शालेय पुस्तकांत एका ओळीनेही यावी तशी येत नाही, याचे मला वाईट वाटते.

खोट्या साक्षीचे उदाहरणही याच परंपरेत आहे, आणि तेही तितकेच बोधक आहे. मॅगेलनच्या पृथ्वीप्रदक्षिणेतून वाचलेले एकुलते एक जहाज १५२२ साली स्पेनला परतले तेव्हा त्यात मोलुक्का बेटांमधल्या बाचान येथील सुलतानाने दिलेली काही मृत पाखरे होती. न्यू गिनीच्या बाजूचे लोक अशी पाखरे व्यापारासाठी टिकवताना त्यांचे पाय कापून टाकीत, कवटी काढून घेत, आत काठी घालून धुराने सुकवीत. युरोपच्या पंडितांनी ती बिनपायांची कातडी पाहिली आणि असा निष्कर्ष काढला की हा पक्षी जमिनीवर कधी उतरतच नाही, आभाळातच जन्म काढतो आणि मेल्यावरच खाली पडतो. त्याला स्वर्गपक्षी, बर्ड ऑफ पॅरडाइज, हे नाव पडले. कोनराड गेस्नर या विद्वानाने १५५५ साली आपल्या प्राणिकोशात त्याचे बिनपायांचे चित्र छापले, आणि एकदा चित्र छापले गेल्यावर ते खोडून काढणे कठीण झाले. पाय असल्याचे पुढे पुष्कळांच्या लक्षात आले, तरी १७५८मध्ये लिनियसने त्या पक्ष्याचे शास्त्रीय नाव ठेवताना ‘पॅराडिसिया अपोडा’, म्हणजे पाय नसलेला स्वर्गपक्षी, असेच ठेवले, आणि नामकरणाच्या नियमांमुळे ते आजतागायत कायम आहे. गेस्नर अप्रामाणिक नव्हता. त्याने जे समोर आले ते छापले. परंतु ते कापलेले कातडे आहे, जिवंत पक्षी नव्हे, ही चौकशी झाली नाही, आणि दोन शतके त्या एका चुकीच्या चित्राने सर्वांना फसवले.

ही चौकशी शेवटी ज्याने स्वतः जाऊन पुरी केली त्या आल्फ्रेड रसेल वॉलेसचा आपल्या मुंबईशी एक छोटासा पण हृद्य संबंध आहे. मलाया द्वीपसमूहात १८५४ ते १८६२ अशी आठ वर्षे भटकून, अरू बेटांवर जाऊन, स्वर्गपक्ष्यांचे नृत्य व शिकार दोन्ही प्रत्यक्ष पाहून तो मायदेशी निघाला तेव्हा सिंगापुरात त्याला जिवंत स्वर्गपक्ष्यांचे दोन नर विकाऊ असल्याचे कळले. शंभर पौंड ही त्या काळची भारी रक्कम मोजून त्याने ते घेतले आणि लंडनच्या प्राणिसंग्रहालयापर्यंत ते जिवंत नेण्याचा पण केला. वाटेत मुंबईत तो आठवडाभर थांबला, तो प्रवासाचा शीण घालवण्यासाठी आणि या पाखरांकरिता ताज्या केळ्यांचा साठा भरून घेण्यासाठी. केळी मिळाली, पण पाखरांना किडेही हवे होते, आणि आगबोटीवर झुरळे कमी होती. म्हणून कोठाराच्या खोल्यांत सापळे लावून व रात्री तासतासभर झुरळे शोधत हिंडून त्याने ती गोळा केली. पुढे माल्टाला एका भटारखान्यातून बिस्किटांचे डबे भरून झुरळे घेतली. १८६२च्या वसंतात ती दोन्ही पाखरे लंडनला सुखरूप पोहोचली आणि लोकांना, चित्रकारांना, पंडितांना स्वर्गपक्षी फांदीवर पाय रोवून बसलेला, पिसारा उभारलेला, हालचाल करणारा दिसला. मुंबईच्या बाजारातल्या केळ्यांचा या ज्ञानात वाटा आहे, ही गोष्ट मला एखाद्या मोठ्या शिलालेखाइतकी जपून ठेवण्याजोगी वाटते.

जिवंत पक्षी समोर ठेवूनच चित्र काढायचे, हा आग्रह वॉलेसच्याही तीस वर्षे आधी एका अठरा वर्षांच्या मुलाने धरला होता, आणि या सर्व परंपरेतला माझा सर्वांत आवडता ग्रंथ त्याचाच आहे. एडवर्ड लिअर याचे नाव इंग्रजी जाणणाऱ्या आपल्या वाचकांना त्याच्या अर्थहीन, खेळकर कवितांमुळे ठाऊक असते. पण १८३० साली तो पोटासाठी चित्रे काढणारा एक गरीब तरुण होता. लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेची परवानगी मिळवून तो रीजंट्स पार्कमधल्या पोपटांच्या पिंजऱ्यांपाशी बसू लागला. रखवालदाराने पोपट हातात धरून ठेवावा, लिअरने त्याच्या पंखांची, पायांची, शेपटीची मापे घ्यावीत, जागच्या जागी कच्चे रेखाटन करून त्यावर रंगांच्या नोंदी लिहाव्यात, असा त्याचा परिपाठ होता. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयात जतन केलेल्या त्या कच्च्या रेखाटनांत पोपटाबरोबरच, पिंजऱ्याभोवती जमून या मुलाकडे टकमक पाहणाऱ्या बघ्यांचीही चित्रे त्याने कडेला काढून ठेवलेली आहेत.

हे काम छापायचे कसे, याची हकीकत सांगितल्याशिवाय त्याची थोरवी कळणार नाही. शिळाछापासाठी बव्हेरियातल्या खाणींतला अतिशय बारीक कणांचा चुनखडीचा दगड लागतो. तो घासून गुळगुळीत केल्यावर त्यावर तेलकट खडूने चित्र काढायचे, मग गोंद व सौम्य आम्ल यांचा लेप द्यायचा; त्यामुळे जेथे खडूची रेघ आहे तेथेच छपाईची तेलकट शाई चिकटते आणि ओल्या राहिलेल्या बाकीच्या दगडाला ती धरत नाही. कागदावर चित्र उलटे उमटत असल्याने दगडावर ते उलटेच काढावे लागते, आणि चूक झाली तर दुरुस्तीला वाव फार थोडा. पुष्कळ ग्रंथांत चित्रकाराचे रेखाटन घेऊन दुसराच कारागीर ते दगडावर उतरवी. लिअरने पोपटाच्या पिसाचा प्रत्येक काठ आपल्या हाताने दगडावर काढला. छपाई चार्ल्स हलमँडलच्या छापखान्यात झाली आणि छापलेल्या प्रत्येक पानात मग हाताने रंग भरला गेला. वर्गणीदार जमवून त्याने १७५ प्रती काढायचे ठरवले आणि तेवढ्या निघाल्यावर दगडांवरची चित्रे पुसून टाकली. १८३० ते १८३२ या काळात ४२ चित्रपत्रे बाहेर पडली आणि पैशाअभावी काम तेथेच थांबले. एकाच पक्षिकुळाला वाहिलेला इंग्लंडमधला हा पहिला ग्रंथ.

त्यातले एखादे पान भिंगाखाली धरून पाहावे. पोपटाच्या डोळ्याभोवतीच्या उघड्या कातडीवरच्या सुरकुत्या, चोचीच्या मुळाशी पडलेली सावली, मानेवरची पिसे जरा फिसकारलेली, एक पाय फांदी घट्ट धरून आणि दुसरा सैल. हा पोपट कोणत्याही पोपटाचा नमुना नसून अमुक पिंजऱ्यातला, अमुक स्वभावाचा पोपट आहे, अशी खात्री पाहणाऱ्याला पटते. आणि तरीही तो शास्त्राच्या कामाचा आहे, इतका की त्याच्या आधाराने पुढे एका जातीची ओळख पटली. निळ्या मकाव पोपटाचे जे चित्र लिअरने मोठ्या हायसिंथ मकावाचे म्हणून काढले होते, तो पक्षी निराळ्या जातीचा असावा, हे पुढे लक्षात आले. १८५६मध्ये बोनापार्ट या पक्षिशास्त्रज्ञाने त्या जातीला लिअरचे नाव दिले. ही जात पिंजऱ्यांत व संग्रहालयांत अधूनमधून दिसे, पण ती राहते कोठे हे कोणालाच माहीत नव्हते. हेल्मुट सिक या पक्षिशास्त्रज्ञाने ब्राझीलच्या बाहिया प्रांतातल्या रखरखीत, काटेरी झुडपांच्या मुलखात तिचा ठिकाणा १९७८ साली शोधून काढला. चित्र आधी आणि अरण्यातला पत्ता जवळजवळ दीडशे वर्षांनंतर, असा क्रम येथे झाला. लिअरने पिसांचे रंग आपल्या मनाने सजवले असते तर या साखळीचा पहिला दुवाच तुटला असता. हाच लिअर म्हातारपणी, १८७३च्या नोव्हेंबरात, मुंबईच्या धक्क्यावर उतरला आणि वर्षाहून अधिक काळ हिंदुस्थानभर निसर्गचित्रे काढत हिंडला.

लिअरने नाव मिळवले, पण ते सर्वांच्या वाट्याला आले नाही, आणि याचा जाब या व्यवसायाला द्यावाच लागेल. जॉन गूल्ड हे एकोणिसाव्या शतकातले पक्षिचित्रांच्या ग्रंथांचे सर्वांत मोठे नाव. त्याची दृष्टी तीक्ष्ण होती, व्यवहारज्ञान अफाट होते, यात वाद नाही. परंतु हिमालयातील पक्ष्यांचा त्याचा पहिला ग्रंथ ज्या ८० चित्रपत्रांमुळे गाजला ती चित्रे शिळेवर काढणारा हात त्याची पत्नी एलिझाबेथ हिचा होता. तिने सहाशेहून अधिक चित्रे केली, पतीबरोबर ऑस्ट्रेलियाचा प्रवास केला, आणि आठव्या अपत्याच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत, १८४१मध्ये, वयाच्या ३७व्या वर्षी ती वारली. लोक मात्र आजही ‘गूल्डची चित्रे’ म्हणतात आणि डोळ्यांसमोर पुरुष आणतात. तिच्यानंतर हेन्री रिक्टर, विल्यम हार्ट हे चित्रकार आणि रंग भरणारे कितीतरी मजूर त्या ग्रंथांसाठी राबले. अमेरिका खंडांतल्या इवल्याशा गुंजन पक्ष्यांवरच्या ३६० चित्रपत्रांच्या ग्रंथात गळ्याची चकाकी आणण्यासाठी कागदावर सोन्याचा वर्ख चिकटवून त्यावर पारदर्शक तैलरंग व रोगण चढवले गेले. त्या पिसांची चमक रंगद्रव्यातून येत नाही, पिसाच्या सूक्ष्म रचनेत उजेड फुटून ती निर्माण होते. म्हणून साध्या रंगाने ती साधत नाही, आणि खालून परावर्तित होणारा वर्ख हा त्या अडचणीवरचा अतिशय बुद्धिमान तोडगा होता. हा ग्रंथ १८४९पासून हप्त्याहप्त्याने निघू लागला. गूल्डने मात्र जिवंत गुंजन पक्षी पहिल्यांदा पाहिला तो १८५७मध्ये, फिलाडेल्फियाच्या एका बागेत. तोवरची सारी पाने कातड्यांवरून झाली होती. देखणेपणात ती कोणाला हार जात नाहीत, पण जबानी म्हणून त्यांचे वजन मी लिअरच्या पोपटांपेक्षा कमी धरीन.

आता आपल्याकडच्या तीन नावांविषयी. सर एलायजा इंपे हा कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा मुख्य न्यायाधीश होता, आणि त्याची पत्नी मेरी हिने १७७०च्या दशकात आपल्या आवारात देशोदेशीचे पशुपक्षी पाळले होते. त्यांची चित्रे काढण्यासाठी तिने पाटण्याकडचे तीन चित्रकार नेमले: शेख झैनुद्दीन, भवानी दास आणि राम दास. मोगल परंपरेत वाढलेल्या या कलावंतांनी इंग्लंडहून आलेल्या कागदावर तीनशेहून अधिक चित्रे काढली. त्यांतली बहुसंख्य पक्ष्यांची होती. झैनुद्दीनचे १७७७मधले एक चित्र सीताफळाच्या फांदीवर बसलेल्या पिवळ्या तुऱ्याच्या काकाकुवाचे आहे. पूर्वेकडच्या बेटांतून गलबताने आलेला हा पांढराशुभ्र पक्षी आणि अमेरिकेतून येऊन येथे रुजलेले ते फळ, दोघेही परदेशी. पण ज्या हाताने त्यांना एकत्र आणले तो हात इथला होता. भांगपाडी मैना त्याने बोरीच्या डहाळीवर बसवली आणि तिच्यासोबत टसर रेशमाचे पतंग, अळी आणि कोष काढले. पक्षी ज्या झाडावर आणि ज्या किड्यांच्या संगतीत राहतो त्यासह त्याला पाहावे, ही दृष्टी त्या काळच्या युरोपीय ग्रंथांत सरसकट नव्हती. जॉन लेथम या इंग्रज पक्षिशास्त्रज्ञाने इंपे संग्रहातल्या चित्रांवरून कित्येक पक्ष्यांची वर्णने केली, आणि हिमालयातल्या मोनाल पक्ष्याच्या शास्त्रीय नावात इंपे हे आडनाव बसले. चित्रकारांपैकी कोणाचेही नाव कोणत्याही पक्ष्याला मिळाले नाही. १८१०मध्ये तो संग्रह लंडनमध्ये लिलावात निघाला आणि पाने जगभर पांगली. या तिघांची नावे आज आपल्याला ठाऊक आहेत याचे कारण एकच: चित्राच्या कोपऱ्यात फारसी अक्षरांत कलावंताचे नाव आणि तो पाटण्याचा राहणारा असल्याची नोंद करून ठेवण्याची पद्धत त्यांनी पाळली. ती चार अक्षरे नसती तर ही सारी चित्रे ‘कंपनी शैली’ या मोघम शिक्क्याखाली निनावी पडून राहिली असती.

छायाचित्रणाच्या युगात या सर्वांची मातब्बरी काय, असा आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. कॅमेऱ्याने जे केले ते अलौकिक आहे; टिम लेमन व एड स्कोल्स यांनी आठ वर्षे न्यू गिनीच्या झाडांच्या शेंड्यांवर मचाणे बांधून स्वर्गपक्ष्यांच्या तेव्हा ज्ञात असलेल्या सर्व ३९ जातींची छायाचित्रे मिळवली आणि २०१२मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली, त्यापुढे मी नतमस्तक आहे. तेही साक्षीदारच आहेत, आपल्या नावानिशी उभे. परंतु छायाचित्रात एका क्षणी, एका उजेडात, एकच पक्षी सापडतो. त्याची शेपटी त्या दिवशी तुटलेली असू शकते, पोट सावलीत असू शकते. चित्रकार पुष्कळ पक्षी, कातडी व टिपणे डोळ्यांखालून घालून त्या जातीचे सर्वसाधारण रूप एका आकृतीत आणतो, नर-मादी-पिल्लू एकाच ठेवणीत शेजारी ठेवतो आणि ओळख पटवणारी खूण स्पष्ट दाखवतो. पक्षिनिरीक्षक हातात घेऊन रानात जातात ती मार्गदर्शक पुस्तके आजही बहुतांशी रंगवलेल्या चित्रांचीच असतात, याचे हेच कारण. ऑस्ट्रेलियाचा विल्यम कूपर याने जोसेफ फॉरशॉच्या लेखनासह १९७३मध्ये जगातल्या सर्व पोपटांचा ग्रंथ चित्रांनी सजवला, तेव्हा कॅमेरे सर्वत्र होते. तरी तो ग्रंथ अभ्यासकांना लागला. आपल्याकडे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९४१मध्ये प्रसिद्ध केलेल्या सालिम अली यांच्या पुस्तकाने हजारो लोकांना पक्ष्यांची ओळख करून दिली तीही रंगीत चित्रपत्रांच्याच आधाराने.

या दस्तऐवजांची सर्वांत मोठी हानी आगीने किंवा वाळवीने केलेली नाही. ती केली आहे सुटी पाने विकण्याच्या धंद्याने. जुन्या ग्रंथाची शिवण उसवायची, पोपटाचे पान वेगळे करायचे, छापील मजकूर फेकून द्यायचा, तळाशी असलेले चित्रकाराचे व छापखान्याचे नाव चौकटीच्या पुठ्ठ्याखाली दडपायचे आणि ते उपाहारगृहाच्या किंवा दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगायचे, हा प्रकार युरोपात शतकभर चालला आणि त्याच्या नकला आपल्या शहरांतही सर्रास दिसतात. अख्खा ग्रंथ जितक्याला विकला जातो त्याहून त्याची सुटी पाने अधिक पैसा देतात, म्हणून हे घडते. पान सुटे झाले की पक्षी कोठला, कोणाच्या संग्रहातला, कोणत्या साली पाहिलेला, ही सारी हकीकत त्याच्यापासून कायमची तुटते, आणि डोडोच्या चित्रासारखा निकाल लावण्याची त्याची लायकी संपते.

लिअर व गूल्ड यांचे ग्रंथ बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीच्या संकेतस्थळावर पानन् पान मजकुरासह विनामूल्य पाहता येतात, तेव्हा भिंतीसाठी मूळ ग्रंथ फाडण्याची सबब आता उरलेली नाही. आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांतल्या जुन्या नगरवाचनालयांत, महाविद्यालयांच्या कपाटांत, संस्थानिकांच्या वाड्यांतून आलेल्या संग्रहांत पशुपक्ष्यांची रंगीत चित्रे असलेले एकोणिसाव्या शतकातले ग्रंथ असू शकतात, आणि सूचीत त्यांची नोंद बहुधा लेखकाच्या नावापुरतीच झालेली असते. ग्रंथपालांना माझी आग्रहाची विनंती आहे की असा ग्रंथ हाती लागला तर त्याची शिवण उसवू देऊ नये, बांधणी दुरुस्त करावी, आणि चित्रांच्या तळाशी बारीक अक्षरांत असलेली चित्रकाराची, शिळेवर चित्र उतरवणाऱ्याची व छापखान्याची नावे उतरवून घेऊन लेखकाच्या नावाशेजारी सूचीत दाखल करावीत. या कामाला एक भिंग, एक नोंदवही आणि एक चिकाटीचा कारकून एवढेच लागते, आणि ते येत्या वर्षातच हाती घ्यावे.